वाडीतली एकुलती एक खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सागाची, हातांची, वेताने विणलेल्या बैठकीची. माझे आयुष्य सांगण्यासारखे आहे की नाही, याची मला खात्री नाही. माणसांनी बसून बोलायचे आणि मी ऐकायचे, हीच सवय. तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

कर्जतच्या एका सुताराने मला रेल्वेतल्या एका साहेबासाठी घडवले. साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव झाला आणि पळसदरीच्या पलीकडच्या एका वाडीतल्या कोंडाजीने मला घेतले. त्याने मला डोक्यावरून आणले तेव्हा पोरे आरडत मागे धावत होती. साऱ्या वाडीत खुर्ची अशी मी एकटीच होते.

कोंडाजी मनाचा मोठा. कोणाकडे बाहेरचा माणूस येणार असला की तो मला तिकडे पाठवून देई. साहेब भुईवर बसला तर मान साऱ्या वाडीची खाली जाते, अशी तिथली समजूत. सोयरेधायरे घोंगडीवर बसत. खुर्ची लागे ती फौजदाराला, मोजणीदाराला, जप्तीच्या कारकुनाला. त्यामुळे मी कोणाच्या डोक्यावरून निघाले की बायका दारे लोटून घेत आणि फटीतून विचारत, "आज कुणाकडं गं?" ही भीती माझ्या पायांना केव्हा चिकटली ते मला कळलेच नाही.

एकाहत्तर साली, शिमगा सरल्यावर, मला भिवाजीच्या घरी नेले. भिवाजी मोहोपाड्याला बांधकामावर माती वाहायला जाई आणि आठवड्याने घरी येई. घरात बायको चंद्राबाई आणि लेक ठमी. ठमी चार पावले चालली की उकिडवी बसे. तिचे ओठ पिकल्या जांभळासारखे होत. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले होते की काळजाच्या पडद्याला भोक आहे आणि पावसाळ्याआधी ते शिवायला हवे. खर्च भिवाजीच्या आवाक्यातला नव्हता. तेव्हा इस्पितळातल्या एका बाईंनी एका धर्मादाय निधीकडे अर्ज करून दिला. निधीचे साहेब घरी येऊन परिस्थिती पाहणार होते. त्यांच्यासाठी माझी वर्दी आली.

मी पोहोचले तेव्हा ते घर ओळखू येत नव्हते. शेजारच्या धोंडूबाईने भाताच्या भरल्या गोणी दर्शनी भिंतीला रचल्या होत्या. शाळेच्या मास्तरांचे घड्याळ खुंटीवर टिकटिकत होते. कपबशा आल्या होत्या. धोंडूबाईने आपली पुतळ्यांची माळ चंद्राबाईच्या गळ्यात घातली. "आता कशी दिसतेस! न्हाय तर साहेब म्हणायचा, कुठं भिकाऱ्याच्या दारात आलो."

मग तिने ठमीला जवळ ओढून विडा चघळायला दिला. "चाव गं नीट. ओठ लाल दिसू देत. पोर अगदीच गेलेली दिसली तर हिच्यावर कोण पैसं घालंल?"

माझ्या मनाला काहीतरी खटकत होते. काय, ते मला तेव्हा नीट सांगता आले नसते. आणि सांगता आले असते तरी खुर्चीचे कोण ऐकणार?

साहेब आले. तरुण होते, लाजरे होते. त्यांनी चहा घेतला, शेवया खाल्ल्या. गोणींकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, माळेकडेही पाहिले. ठमी लाल ओठांनी कोपऱ्यात बसून होती.

"कसं काय चाललंय, भिवाजीराव?" त्यांनी विचारले.

भिवाजीने हात जोडले. "तुमच्या दयेनं काय कमी नाय, साहेब."

पाहुण्याला असेच उत्तर द्यायचे असते. त्याच्या बापानेही हेच दिले असते. चंद्राबाई दाराआडून काही बोलायला पुढे सरली, पण धोंडूबाईने तिचा पदर ओढला. "पाव्हण्याम्होरं रडू नको गं." साहेबांची बोटे माझ्या हातावर होती. ती क्षणभर घट्ट झाली, मग सैल पडली. तेव्हाच मला कळले, यांचे ठरले आहे.

संध्याकाळी ज्याचे त्याने सामान नेले. उघड्या भिंतीपाशी ठमी धापा टाकत बसली होती. विड्याचा रंग उतरला होता आणि खालचा जांभळा रंग वर आला होता. कोंडाजीने मला उचलले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. मला ती नजर सोसली नाही.

चैत्रात निधीचे उत्तर आले. मास्तरांनी ते वाचून दाखवले. आपल्यापेक्षा अधिक गरजू कुटुंबे आहेत, सबब मदत देता येत नाही.

वाडी माझ्याभोवती जमली. त्यांना काय वाटले असेल, मित्रांनो? त्यांना वाटले, पाहुणचार कमी पडला.

"माज्या खुर्चीचा वेत तुटलेला," कोंडाजी खालच्या मानेने म्हणाला. "साहेबाला टोचला असंल."

"च्या पण फुळकवणी झाला," दुसरा म्हणाला. "येक कोंबडं कापायला काय झालं व्हतं?"

"कोंबडं! तो बामण दिसत व्हता रं, येड्या!"

दुसऱ्या दिवशी चंद्राबाई एकटीच मुंबईला गेली. इस्पितळातल्या बाईंना तिने काय सांगितले, ते मला ठाऊक नाही. पण वैशाख संपता संपता कार्ड आले की साहेब पुन्हा येत आहेत.

कोंडाजीने कर्जतहून माणूस आणून मला नव्या वेताने विणून घेतले. तेल लावले. उभ्या आयुष्यात मी इतकी सुंदर कधी दिसले नव्हते, आणि इतकी घाबरलेही नव्हते. त्या सकाळी अवघी वाडी सामान घेऊन निघाली. या खेपेला गोणी जास्त होत्या. कोणाचा तरी रेडिओसुद्धा होता. डोंगरावर ढग दाटले होते. ठमीला आता भिंतीला टेकूनच बसावे लागत होते.

चंद्राबाई उंबऱ्यात उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला लावून.

"आत काय आणू नका."

"येडी झालीस?" भिवाजी ओरडला. "गावाचं नाक कापतेस?"

"नाक ऱ्हाईल. पोर ऱ्हायची नाय."

मग कोंडाजीने मला डोक्यावरून उतरवले आणि अंगणात उपडे ठेवले.

साहेब आले तेव्हा बसा म्हणायलाही कोणाला तोंड नव्हते. ते आत वाकून पाहत राहिले. चूल, दोन मडकी, फाटकी गोधडी. भिंतीला टेकलेली ठमी आणि तिचे ओठ. ते तिच्याजवळ शेणाने सारवलेल्या भुईवर बसले. तिचे निळे नख दाबून पाहिले.

"मागच्या वेळी मी जे पाहिलं, ते?"

"घड्याळ मास्तरांचं," धोंडूबाई बाहेरून म्हणाली. "माळ माजी, गोणी माज्या. खुर्ची कोंडाजीची."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तवा आमी तुमाला पाव्हणा समजलो, साहेब," कोंडाजी म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली. "मीसुद्धा विचारायला हवं होतं," ते पुटपुटले.

मदत मंजूर झाली. पण मंजुरीला दिवस लागले, इस्पितळात जागा मिळायला आणखी लागले, आणि पाऊस काही त्यासाठी थांबून राहिला नाही. गणपतीनंतर ठमी परत आली. छातीवर उभी शिवण होती. डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर केलात. जीव वाचला, पण धावायचे नाही, चढ चढायचा नाही, ओझे उचलायचे नाही. आमच्या वाडीत चढावाशिवाय वाट नाही. पोरे ओढ्यावर जात तेव्हा ती दारात बसून त्यांचे आवाज ऐके.

माझ्यामुळे तिचे ते महिने गेले का? मी लाकूड आहे, हे मला कळते. तरी पडवीत एकटी असताना हा प्रश्न सुटत नाही. आता घरोघर प्लास्टिकच्या खुर्च्या येऊ लागल्या आहेत. माझा एक पाय किडला आहे आणि मला कोणी नेत नाही. ते बरेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरावर अडचण आली आणि कोणी मदत देऊ म्हणाले, तर घर जसे आहे तसे दिसू द्या. शेजाऱ्यावर वेळ आली, तर त्याच्या घरी तुमचे घड्याळ नेऊ नका, त्याच्या बाजूने बोलायला जा. आणि पुढेमागे तुम्हीच कोणाला मदत करायला निघालात, तर तिथे मांडलेल्या खुर्चीवर बसू नका. खाली बसा. आजारी माणसाजवळ बसा, आणि चहा येण्याआधी विचारा.