हाज लमीन, पुढे तीन टिंबं

अरे थांबा, कॉफी नंतर मागवा, आधी ऐका. नाही निझार, हसण्यासारखं नाहीये. म्हणजे आहे. पण तू हसलास तर मी उठून जाईन.

माझे बाबा तुम्हाला माहीतच आहेत. रोज सकाळी कॉम्प्युटर लावून एकच गोष्ट बघतात, गल्लीत कोण गेलं. आपल्या मशिदीचं ते पान आहे ना, मयताच्या बातम्यांचं, तेवढंच. आधी मी त्यांना सगळीकडच्या बातम्या आपोआप गोळा करणारं फीड लावून दिलं होतं, तर त्यात न वाचलेल्या बातम्यांचा हा एवढा ढीग! बाबा म्हणाले, "पोरी, मला मेलेले हवेत. तू अख्खं जग आणून ओतलंस."

मग मी डोकं लढवलं. साधा बुकमार्क, पण स्वतःचं नाव स्वतःच बदलणारा! तो गुपचूप त्या पानावर जातो, पानाचं शीर्षक, म्हणजे सगळ्यात ताज्या मयताची ओळ, उचलतो आणि तेच आपलं नाव करून टाकतो. मशिदीवाल्यांना वेगळं काही करायला नको. बाबांना पान उघडायलासुद्धा नको, ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर नजर टाकली की झालं. केवढी मिरवले मी! रीम, तुला तर फोन करकरून सांगत होते.

फक्त लांबलचक शीर्षक आलं की शेजारचे बुकमार्क पट्टीबाहेर ढकलले जायचे. कसंतरीच दिसायचं. म्हणून मी नाव कापलं. थोडी अक्षरं, पुढे तीन टिंबं.

परवा सकाळी बाबांचा आवाज आला. हाक नव्हती, नुसता आवाज. धावत गेले तर पट्टीत: "हाज लमीन क्रिशेन..."

हो, तेच लमीनकाका. जैतुनाच्या झाडांच्या हद्दीवरून बाबांनी ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ते. बाबा स्क्रीनसमोर बसून रडत होते. "ईदला जाणार होतो गं. दर ईदला जाणार होतो."

मयताच्या घरी न्यायला आईने घाईघाईने कुसकुस शिजवला, मी पातेलं उचललं, निघालो. लमीनकाकांच्या अंगणात घरचे पुरुष सांत्वनाला येणाऱ्यांसाठी रांगेत उभे. बाबा मान खाली घालून शिरले, पहिला हात धरला, तो लमीनकाकांच्या धाकट्या भावाचा, आणि हुंदका देऊन म्हणाले, "अल्लाह लमीनवर रहम करो. माफी मागायची राहूनच गेली रे."

शेजारचा माणूस म्हणाला, "मोन्सेफ, मी अजून इथेच आहे."

लमीनकाका!

गेली होती त्यांची बहीण, झोहराआत्या. शीर्षक होतं, "हाज लमीन क्रिशेन आणि समस्त कुटुंब दुःखाने कळवतात की..." मोठ्या घरांत कळवणाऱ्यांची नावं आधी, गेलेल्याचं मागून, हे आपल्या स्फाक्समधल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. कापताना सुचलं नाही.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मयताच्या घरात! एक म्हातारा खेकसला, "जित्या माणसाला मारायला आलास? कोणी सांगितलं तुला?"

मी दारात, हातात पातेलं. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "कोणी नाही. चष्मा विसरलो. मीच नीट वाचलं नाही."

चष्मा नाकावर होता त्यांच्या!

आणि मी? मी तोंड उघडलं नाही. लमीनकाकांनी बाबांचा हात धरला होता, काहीतरी बोलणार होते, ओठ हलले त्यांचे. पण बाबांनी हात सोडवून घेतला आणि बाहेर पडले. मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आज तिसरा दिवस, संध्याकाळी कुराण वाचायला सगळे तिथे जमतील. बाबा म्हणतात, "कुठल्या तोंडाने जाऊ?" मी कापाकापी काढून टाकली. आता झोहराआत्याच्या नावासकट अख्खी ओळ दिसते, बाकीचे बुकमार्क गेले उडत. बाबा तिकडे बघतही नाहीत.

"मग तू जा की" असं बघू नकोस रीम, तेच करणारेय. सगळ्यांदेखत सांगणार, चष्मा होता, अक्षरं मी कापली. फक्त एकटीने त्या अंगणात पाय टाकवत नाही.

निझार, गाडीची किल्ली काढ. आधी आमच्या घरी. बाबांना बूट घालायला लावायचेत.