बोटीचं नाक फिरलं तेव्हा

घरात सगळे तिला पाणबुडी म्हणत, कारण ती जमिनीवर कमी आणि पाण्याखाली जास्त असे. खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या उथळ तळावर ठेवलेल्या लोखंडी सांगाड्यांवर ती बोटाएवढी प्रवाळं बांधून वाढवायची. बोट धाकट्या भावाकडे. त्याचं इंजिन कधी बंद पडत नसे, आणि तोंडही.

त्या महिन्यात वाराच पडला. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत झाला. तापलेलं पाणी ढवळायला कोणी नाही, म्हणून वरचा थर तापतच गेला, आणि तपकिरी प्रवाळं फिकी पडू लागली. एका सकाळी, ती जिथे काम करायची त्या प्रवाळ केंद्राच्या संचालकबाईंचा फोन आला: सगळे सांगाडे उचला आणि किनाऱ्यावरच्या गार टाक्यांत हलवा.

पाणबुडीने पाय रोवले. या उचलाउचलीत अर्धी प्रवाळं दगावतील, ती म्हणाली. सांगाड्यांच्या पुढे, जिथे तळ उतरत जातो, तिथलं पाणी चांगलंच गार होतं. जोराचा वारा सुटला की ते वर येणार, आणि दुपारनंतर वारा सुटेल असा अंदाज होता. शेवटी असं ठरलं की निम्मे सांगाडे हलवायचे आणि निम्मे तिच्या जबाबदारीवर तिथेच ठेवायचे.

निम्मे पोचवून दोघं परत आली, नांगर टाकला, आणि खरंच वारा आला. समुद्राकडून. भावाने शीळ घातली. पाणबुडीने सांगाड्यांजवळच्या तापमापकाचा आकडा पडद्यावर पाहिला. तापमान वाढत होतं. हा वारा बाहेरचं तापलेलं पाणी खाडीत लोटत होता.

"ताई, तुझा वारा तर शेगडी घेऊन आलाय," भाऊ म्हणाला.

तिला हसू आलं नाही. आता लाटा इतक्या होत्या की उरलेले सांगाडे उचलायचे म्हटलं तरी उचलता आले नसते. बाईंना काय तोंड दाखवायचं, हेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

तेवढ्यात डोंगराच्या बाजूला ढग काळेभोर झाले. वारा एकदम थांबला. मग नांगरावरची बोट सावकाश फिरू लागली, फिरता फिरता तिचं नाक किनाऱ्याकडे झालं, आणि जमिनीवरून असा सणसणीत वारा आला की भावाची टोपी समुद्रात गेली.

पाणबुडीने त्याचं मनगट घट्ट धरलं. "वरचं पाणी बाहेर निघालंय. आता त्याच्या जागी खालचं येणार."

आकडा थबकला. मग एक घर उतरला, आणखी एक, आणि पाहता पाहता घसरगुंडीला लागला. लाटा पाणी वरखाली घुसळत होत्या, वारा पाण्याची ऊब उडवून नेत होता, आणि खालून गारवा वर चढत होता. बोट पाळण्यासारखी हलत होती. भाऊ परत जाऊ म्हणत होता.

"थोडं थांब रे."

"थांबतो. पण पाण्यात उतरलीस तर आईला तू सांगायचंस, मी नाही."

ती उतरली नाही. काठावर पालथी पडून तिने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. गार! तिने ओंजळभर पाणी भावाच्या तोंडावर मारलं. तो शहारला, खवळला, आणि मग दोघं पोट धरून हसत सुटली.

वारा पुढेही काही दिवस वाहता राहिला. हळूहळू सांगाड्यांवर तपकिरी रंग परतला; काही प्रवाळं मात्र पांढरीच राहिली. टाक्यांतलीही बरीचशी जगली, पाणबुडीने सांगितली होती त्याहून कितीतरी जास्त. हे तिने बाईंना स्वतःच सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघीही थोड्या थोड्या चुकलो. पुढच्या उन्हाळ्याआधी सांगाडे उतारावर नेऊ या."

दुसऱ्याच आठवड्यात ती उतार मोजायला पाण्यात उतरली. वर भाऊ इंजिन पुसत, नव्या टोपीला दोरी बांधून बसला होता.