तग

झाकणाच्या कडेला लावलेलं व्हॅसलीन एका जागी जरा विरळ झालं होतं आणि मायाची नजर तिथंच अडकली होती – हवा शिरायला नको. बरणीच्या तळाशी चुन्याचे खडे, वर जाळी, जाळीवर पांढरा उंदीर. शेपटीवर पिवळा ठिपका, म्हणजे औषध दिलेला. बिनऔषधाचे सगळे केव्हाच आटोपले होते. हवा संपून पहिला झटका आला की झाकण उघडायचं, त्याआधी नाही. जितका उशीर, तितकं औषध गुणी.

हा मात्र बसून होता. नाक वर, बरगड्या भराभर हलताहेत... टिक रे बाबा, ती मनाशी म्हणाली, अजून थोडा टिक. हा शेवटचा, हा टिकला की पीएचडीचं घोडं गंगेत न्हालं.

तिचा विहंग जन्मला तेव्हा रडलाच नव्हता, निळा पडलेला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन लांबत गेलं – डॉक्टर निघाले होते, येतच होते – आणि नंतर नर्स म्हणाली, "लय दमाचं लेकरू हाये वं तुयं. हवा नव्हती, तरी तग धरून राह्यलं!" त्या वाक्यावर माया सहा वर्षं जगली. पोरगा चालत नाही, मान सावरत नाही. पण सासूबाईंनी उसासा टाकला रे टाकला, की ती त्यांना तेच ऐकवायची. केवढं कौतुक!

उंदराने पुढचे पाय काचेला लावले. तोंड उघडं. औषध काम करत होतं, उत्तम करत होतं – म्हणजे तो मरत नव्हता, बेशुद्धही पडत नव्हता, नुसता जागा होता आणि त्याला हवा नव्हती. म्हणजे हे असं असतं होय... इतका वेळ? आणि बाहेर कुणीतरी घड्याळ बघत उभं?

तिने झाकण काढलं. झटका आला नव्हता.

पलीकडच्या टेबलावरून तिचे मार्गदर्शक विश्वनाथ सर धावतच आले. "काहून उघडलं वं माया? मस्त टिकून राह्यला होता ना! अजून टिकला असता!"

"हो सर. टिकला असता."

उंदीर तिच्या तळहातावर धापा टाकत होता. सर बोलतच होते – हा हिशेबात धरता येणार नाही, पुन्हा करावं लागेल. तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. राग आला, त्या डॉक्टरांचा, त्या गोडबोल्या नर्सचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा – इतकी वर्षं आपण लेकराच्या गुदमरण्याचं कौतुक केलं. संध्याकाळी विहंगला मांडीवर घेताना त्याला काय म्हणायचं, तेच तिला कळेना.