बंदुकीचा पट्टा

"दिवा खाली घ्या. अजून खाली. बांधाच्या बुडाशी," पोनिरा कुजबुजली.

कसिरानने दिवा खाली घेतला. उजेड भाताच्या बुंध्यांवरून सरकत बांधाच्या कडेला आला आणि तिथे दोन लाल ठिणग्या चमकल्या. पोनिराने श्वास घेतला, अर्धा सोडला आणि चाप ओढला. फट. ठिणग्या विझल्या.

"लागला का गं?"

"न लागायला काय झालं?"

"तसं नव्हे. देन बागुसना उगाच टोचून सोडू नये, म्हणून विचारलं."

"दोन वर्षांत किती टोचून सोडले, सांगा बरं."

रात्री शेतात उंदराला उंदीर म्हणायचे नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणायचे देन बागुस, म्हणजे देखणे धाकटे सरकार. नुसते नाव घेतले की त्यांचा अपमान होतो आणि मग ते सगळी भावकी घेऊन सूड उगवायला येतात. छर्रा घालायचा तो घालायचाच, पण बोलायचे अदबीने. पोनिराला त्यात काही वावगे वाटत नसे.

तिने वाकून पात्याने शेपटी कापली आणि बांबूच्या कामटीत ओवली. एकोणीस झाल्या. ती सरळ उभी राहिली, तशी खांद्यावरची हवेची बंदूक घसरून दस्ता गुडघ्यावर आपटला. पट्टा कसिरानच्या उंचीचा होता आणि कसिरान तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच. दोन वर्षांत त्या गुडघ्याला घट्टा पडला होता. एक भोक पाडले असते तर पट्टा आखूड झाला असता, पण तिनेच ते पाडू दिले नव्हते. दिवसा बंदूक ओसरीवर खिळ्याला टांगलेली असे. आखूड पट्टा पाहून येणाऱ्याजाणाऱ्याने काय ते ओळखले असते.

गावाच्या लेखी बंदूक कसिरानची होती आणि नेमही त्याचाच. तीस वर्षे भाताची शेते त्याने राखली होती. दोन वर्षांपूर्वी मळणीत भाताचे कुसळ त्याच्या उजव्या डोळ्यात गेले आणि डोळ्यात फूल पडले. डावा डोळा तर आधीपासूनच अधू. "नेम धरताना एक डोळा मिटावाच लागतो. देवानं माझा कायमचा मिटून दिला, तेवढीच मेहनत वाचली," असे तो चारचौघांत म्हणाला आणि लोक हसून मोकळे झाले. त्या आठवड्यात तो बंदूक डाव्या खांद्याला लावून शेतात गेला, चाळीस छर्रे उडवले आणि दोन शेपट्या घेऊन परतला. त्या रात्री त्याने पुढ्यातल्या भाताला आणि सोयाबीनच्या तेंपेला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोनिराने खिळ्यावरची बंदूक काढली. अठ्ठावीस वर्षे नवऱ्यामागे दिवा धरून ती हिंडली होती. डोळे कुठे चमकतात, किती वेळ स्थिर राहतात, कधी पळतात, हे तिच्याइतके कोणालाच कळत नव्हते. "आजपासून दिवा तुम्ही धरायचा," एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून गाव लांबून दिवा बघत होते आणि फट असा आवाज ऐकत होते. चापावरचे बोट कोणाचे, हे अंधारात कोणाला दिसणार?

आणि आता हे तीन रात्रींचे प्रकरण उपटले होते. भात पोटरीत आला की देन बागुसांची लग्नसराई सुरू होते, तशी ती यंदाही झाली होती. शेतकरी मंडळाच्या बैठकीत दारमाजीने तोंड उघडले. त्याचे शेत सर्वांत मोठे आणि नुकसानही मोठे.

"कांग कसिरान, राग मानू नका. थोरल्या भावासारखे आहात म्हणून स्पष्ट बोलतो. तुमची बंदूक चांगली होती. पण विजेची तार झोपत नाही, तिला वय होत नाही. एका रात्रीत शंभर पाडते."

"तिला माणूस ओळखता येत नाही, ते पण सांग," कसिरान म्हणाला.

सगळे खाली बघायला लागले. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावात अशाच एका तारेने बाप नेला होता, आणि त्याला उचलायला धावलेला मुलगाही नेला होता.

"त्यांनी दिवा लावला नव्हता," दारमाजी म्हणाला. "तारेला दिवा जोडायचा. दिवा पेटलेला दिसला की जायचं नाही. विझलेला दिसला की खुशाल जायचं. एवढं तर कोणालाही समजतं."

मंडळाचे प्रमुख हारतोयो तोंडातली लवंगेची सिगारेट विझेपर्यंत विचार करत बसले. मग म्हणाले, "तीन रात्री. दोनशे शेपट्या. भरल्या तर हा हंगाम बंदुकीवर. नाही भरल्या तर सगळ्यांच्या बांधावर तार."

पोनिरा तेव्हा चहा देत होती. तिला कोणी काही विचारले नाही. तिने दारमाजीपुढे पेला ठेवला आणि मनात म्हणाली, दोनशे ना, ठीक आहे. पहिल्या रात्री एकाहत्तर पडल्या, दुसऱ्या रात्री अठ्ठ्याहत्तर. आज एकावन्न हव्या होत्या, एकोणीस झाल्या होत्या आणि मध्यरात्र नुकतीच टळली होती. पोनिराला जराही शंका नव्हती. तिने बंदुकीचा दांडा आठ वेळा दाबून पुन्हा हवा भरली.

"चला, दारमाजीचं शेत. खरी जत्रा तिथेच असणार."

दारमाजीच्या शेताच्या कोपऱ्यावर बांबूला एक दिवा टांगलेला दिसला. विझलेला होता.

"बघ, तयारी करून ठेवलीय गड्यानं," कसिरान म्हणाला. "आपण हरायची वाट बघतोय." आणि त्याने बांधावर टाकायला पाय उचलला.

"थांबा."

तिच्या आवाजात असे काही होते की त्याने पाय मागे घेतला.

"दिवा फिरवा. सावकाश. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

त्याने दिवा फिरवला. गावातला सर्वांत दाट भात, पोटरीत आलेला, आणि त्यात एकही डोळा चमकला नाही. शेजारच्या विरळ शेतात पावलापावलाला ठिणग्या होत्या. इथे काही नाही. बेडूकसुद्धा ओरडत नव्हते.

"कुठे गेले सगळे?" कसिरानने विचारले.

"बांधाला लागून धरा उजेड."

उजेड बांधाला लागला. देन बागुस तिथेच होते. ओळीने, पोट वर करून, हातभर अंतरावर एकेक. त्यांच्यामध्ये एक धामण काठीसारखी ताठ पडली होती. आणि या सगळ्यांच्या वर, चिखलापासून वीतभर उंचीवर, बारीक तार चकाकत होती. कसिरानचा पाय जिथे पडणार होता, तिथून दोन बोटांवर.

"दिवा तर बंद आहे," तो म्हणाला.

"दिवा मेलाय. तार जिवंत आहे."

दोघे आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय देत मागे आले. कोरड्यावर आल्यावर पोनिरा मटकन खाली बसली. कसिरानने हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

त्याने दारमाजीला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी फोननेच मान टाकली. दारमाजीचे घर तार लावलेल्या शेतापलीकडे होते, कालव्याच्या वळशाने गाव तासाभराच्या वाटेवर, आणि पहाटेपूर्वी पाण्याच्या पाळीवर येणारे लोक याच बांधांवरून जात. दिवा विझलेला बघून खुशाल जात.

"तू जा, शेपट्या पुऱ्या कर," कसिरान म्हणाला. "बत्तीसच राहिल्यात. मी बसतो इथे."

"शेताला दोन तोंडं आहेत. तुम्ही एकटे दोन्हीकडे बसणार?"

"मग तार लागेल गं सगळीकडे."

"लागेल तेव्हा बघू. आज कोणी मरायला नको."

तो कालव्याकडच्या तोंडाशी सिगारेट पेटवून बसला. ती दुसऱ्या तोंडाशी दिवा आणि बंदूक घेऊन बसली. रात्रीतून तिघे आले. तिघांनाही त्यांनी माघारी वळवले. शेजारच्या शेतात ठिणग्या नाचत होत्या, हाताच्या अंतरावर, आणि दिवा वाटेवर धरून पोनिरा नुसती बघत होती. तिला त्याचे वाईट वाटले, फार वाईट वाटले, पण ती हलली नाही.

पहाटेची बांग झाली. फटफटले. कालव्यावरचे पाण्याचे पंप सुरू झाले आणि त्यांच्या धडधडीत बाकी काही ऐकू येईना. तेवढ्यात पोनिराला दारमाजी दिसला. तो दोन्हीपैकी एकाही तोंडाने आला नव्हता. घरामागच्या आपल्या पायवाटेने, लुंगी वर खोचून, अनवाणी, मेलेले उंदीर गोळा करायला बादली घेऊन तो सरळ कोपऱ्यातल्या दिव्याकडे चालला होता. त्याने मान वर करून दिवा पाहिला. विझलेला. तो निर्धास्त पुढे निघाला.

पोनिरा ओरडली. पंपाने तिचा आवाज गिळला. कसिरान पाठमोरा होता.

बंदुकीची नळी गुडघ्याच्या वर न्यायची नाही, मागे माती असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा कसिरानचा नियम तिने कधी मोडला नव्हता. आज मोडला. साठ पावलांवर बांबूला टांगलेला तो दिवा होता, दारमाजीच्या डोक्याच्या हातभर वर. तिने श्वास घेतला, अर्धा सोडला.

दिव्याचा चुरा दारमाजीच्या खांद्यावर पडला. तो जागच्या जागी थिजला. मग त्याने तिच्या दिशेने बघितले आणि लांबून शिवी हासडली.

"कांग, माणसावर गोळ्या घालता?"

पण कांग दोनशे पावलांवर, विझल्या सिगारेटचे थोटूक धरून वळत होता. बंदूक होती पोनिराच्या खांद्याला. ती दोन्ही हात आडवे करत तारेबाहेरच्या बांधावरून धावत आली.

"पाऊल टाकू नका. तार चालू आहे."

"दिवा बंद बघून आलो मी, वहिनी. म्हटलं, बायकोनं बटण बंद केलं असेल."

"खाली बघा."

त्याने खाली बघितले. पुढच्या पावलावर त्याचीच तार होती. बादली हातातून गळाली. "या उंदरांपायी..." तो बोलून गेला. दारमाजीने तोंडावर हात ठेवला. "माफी असावी, देन बागुस," तो पुटपुटला आणि घराकडे बटण बंद करायला धावत सुटला.

दोन घटकांनी सगळे हारतोयोंच्या ओसरीवर जमले. उकडलेला साबुकंद तसाच गार होत होता. हारतोयोंनी कामट्यांवरच्या शेपट्या मोजल्या.

"एकशे अडुसष्ट," ते म्हणाले. "बत्तीस कमी पडल्या."

"रात्री दोनदा फोन केला होता मी," कसिरान दारमाजीला म्हणाला.

"पाहिला," दारमाजी मान खाली घालून म्हणाला. "वाटलं, विनवण्या करायला करताय."

मग कसिरान उठून उभा राहिला.

"निकाल काय द्यायचा तो द्या. पण आधी एक ऐका. आज सकाळी साठ पावलांवरचा दिवा फुटला, तो हिनं फोडला. या शेपट्या पण हिच्याच. गेल्या दोन वर्षांतली एकही माझी नाही. मी दिवा धरतो."

मागून कोणीतरी फिसकन हसले. "म्हणजे कांग, दोन वर्षं आमची शाबासकी फुकट खाल्लीत?"

"खाल्ली," कसिरान म्हणाला. "गोड लागत होती."

नेमबाज म्हणून त्याचे नाव पोनिराने दोन वर्षे अंधारात जपले होते, गुडघ्याला घट्टा पडेपर्यंत, आणि त्याने ते भरदिवसा सगळ्यांपुढे चटईवर काढून ठेवले. तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

हारतोयोंनी दारमाजीकडे बघितले. "तार तू मागितलीस. तूच बोल."

"माझी तार मी भंगारात घालतोय," दारमाजी म्हणाला. "ज्याला हवी त्यानं आधी सकाळी माझ्यासारखं अनवाणी जाऊन बघावं."

कोणालाही ती नको होती. हारतोयो पहिल्यांदाच पोनिराकडे वळले आणि आदराने म्हणाले, "बू पोनिरा, अजून किती रात्री लागतील?"

"कापणीपर्यंत रोज," ती म्हणाली. "आणि कोणाच्या बांधावर तार दिसली, तर दिवा फोडीन आणि त्याचं शेत सोडून पुढे जाईन. मग देन बागुस जाणोत आणि तो जाणो."

ओसरी हसली. दारमाजीही हसला, जरा उशिरा.

दुपारी ती झोपून उठली, तेव्हा कसिरान पुढच्या ओसरीवर बसला होता. चुलीत तापवलेला खिळा चिमट्यात धरून त्याने बंदुकीचा पट्टा मांडीवर पसरला होता. एका डोळ्याने अंदाज घेत, बोटांनी चाचपत तो जागा शोधत होता. त्याचे जुने भोक वापरून मोठे आणि गुळगुळीत झाले होते. त्याच्यापासून पाच बोटे मोजून त्याने खिळा टेकवला. चामडे चरचरले.

सायकलवरून जाणारा शेजारी थांबला. "काय चाललंय, कांग?"

"पट्टा आखूड करतोय," कसिरान मान वर न करता म्हणाला. "हिला लांब होतो."

शेजारी मान हलवून पुढे गेला. कसिरानने भोकावर फुंकर घातली, पट्टा तिथे अडकवला आणि बंदूक पोनिरापुढे धरली. तिने ती खांद्याला लावली आणि ओसरीवरून अंगणापर्यंत चालून बघितले. दस्ता गुडघ्याला लागला नाही.

"बसला का नीट?" त्याने विचारले.

"बसला," ती म्हणाली. मग तो दिव्याची काच पुसायला आत गेला.