दारातली वेल

"मावशी, कालच घेतलेत हो बूट! घासताय कशाला?"

"मग आज त्यांची पहिली आंघोळ. वर करा पाय."

बोटीतून उतरलेली माणसं हसली. धक्क्यावर स्टुलावर बसून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येक पाहुण्याचे बूट ब्रशने घासतात. तळव्यात अडकून परकं बी आलं की बेटावर रुजतं, आणि उतारावर बिळं करून राहणाऱ्या पक्ष्यांची दारं झाकून टाकतं. म्हणून आधी ब्रश, मग पायवाट.

दुपारी बाळाला कडेवर घेऊन मी त्यांचा डबा द्यायला गेले, तेव्हा सकाळचीच एक मुलगी उतारावरून परत आली होती. तिने रुमाल उघडला. "मोज्याला चिकटल्या होत्या. टाकल्या नाहीत हं, तुम्हीच बजावलं होतं."

चार केसाळ बिया.

"कुठं लागल्या गं?"

"वर, बिळांपाशी. ती निळ्या फुलांची वेल आहे ना, काय सुंदर आहे!"

आईंचा हात थांबला. निळ्या फुलांची वेल बेटावर एकच होती. आमच्या दारात. आई नव्या नवरी असताना बाबांनी पलीकडच्या किनाऱ्यावरून डब्यात आणलेली. घर सोडून आलेली पोर जरा रमेल म्हणून. बाबा गेले त्याला अजून वर्ष झालं नाही.

"दुसरीकडूनही आली असेल," मी म्हटलं.

"हो, पोहत आली असेल," त्या म्हणाल्या. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी खुरपं घेऊन त्या दारात बसल्या.

"आई, एक फांदी ठेवूया. कुंडीत."

"बी काय कुंडीला विचारून उडतं?"

मुळं खोल होती. त्या माझ्याकडे पाठ करून उपटत राहिल्या. पोतं भरलं, भिंत उघडी पडली. खिळ्यांना बाबांनी बांधलेली दोरी तेवढी लोंबत होती. मी गाठ सोडायला गेले.

"ती राहू दे," आई म्हणाल्या. "तिला बी येत नाही."

मग उंबऱ्यावर टेकून त्यांनी पिशवीतला ब्रश काढला. उजाडताच उतारावरची वेल काढायला जायचं होतं. स्वतःच्या चपला उलट्या करून त्या घासू लागल्या; नेहमीसारख्याच, टाचेकडून.

बाळ रांगत आलं, समोर बसलं, आणि त्यानेही पाय पुढे केला.