सात जणींत एक खुर्ची

मी इस्त्रीखोलीतली खुर्ची बोलतेय. खरं तर आता मी इस्त्रीखोलीत नाही, शेजारच्या सुपरवायझरच्या खोलीत आहे, आणि तेच माझं दुखणं आहे. भिंतीपलीकडून इस्त्र्या टेबलावर आपटल्याचा आवाज येतो आणि माझा जीव वरखाली होतो.

माझा जन्मच घाईतला. या इस्पितळाच्या सुताराने दारं करून उरलेल्या लाकडाचे चार पाय काढले, त्यातला एक नखभर आखूड निघाला. "चालतंय," म्हणाला आणि जेवायला गेला. तेव्हापासून मी एका जागी स्वस्थ अशी कधी उभी राहिलेच नाही. कुणाचा नुसता धक्का लागला तरी कुरकुरते. स्वभावच तसा झालाय म्हणा ना.

इस्त्रीखोलीत सात बायका. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सकाळी आठपासून चारपर्यंत सगळं उभ्यानं. आणि बसायला मी एकटी. सुरुवातीला माझ्यावरून रोज धुसफुस व्हायची. मग मावशींनी नियम घातला. मावशी म्हणजे खोलीतल्या सगळ्यांत जुन्या, बावीस वर्षं त्याच टेबलाशी. ठरलं असं की वीस चादरी झाल्या की बसायचं, थोडं टेकायचं, मग पुढचीची पाळी. भिंतीवर खडूने क्रम लिहिला. मावशींनी स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घातलं, आणि त्यांची पाळी येईपर्यंत बहुतेक चार वाजलेले असत. पण भांडण मिटलं. मला वाटलं, झालं, माणसं सुधारली.

काम करता करता त्यांचा एक खेळ चाले, 'माझं राज्य आलं तर.' प्रत्येकीने आपल्या राज्यातला एक कायदा सांगायचा. एक चांगली उंच होती, तिला सगळ्या खांब म्हणत. ती म्हणायची, "माझ्या राज्यात टेबलं माझ्या उंचीची."

"मग आम्ही काय शिडी लावून इस्त्री करायची?" असं दुसरी म्हणे, आणि हसण्यात चादरी भराभर उरकत.

एकदा मावशी म्हणाल्या, "माझ्या राज्यात कुणाला काही मागावंच लागणार नाही. तोंड उघडायच्या आत शेजारणीला कळेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते फार आवडलं. त्यात काही चुकतंय हे तेव्हा माझ्या लाकडी डोक्यात आलं नाही.

पुढे मावशींच्या पायांच्या शिरा फुगल्या. मला ते सगळ्यांच्या आधी दिसलं, कारण माझी नजर आधी माणसांच्या पोटऱ्यांवरच जाते. घोट्यापाशी जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी बजावलं, दर तासाला पाय वर करून बसा, नाहीतर पाय हातचा जाईल. हे खांबाला कळलं, म्हणजे सगळ्यांना कळलं.

"मावशी, माझी पाळी तुम्ही घ्या," खांब म्हणाली.

"मला काय धाड भरलीय? तिला बसू दे, तिच्या कमरेत उसण भरलीय."

"मावशी उभ्या असताना मी बसू?" कमरेवाली म्हणाली. "मला नाही बाई जमायचं."

असं रोज चाले. ही तिला बस म्हणे, ती हिला. कुणालाच आधी बसवेना. क्रम कधी पुसला गेला ते कळलंही नाही. सात भल्या बायका तीन आठवडे माझ्याभोवती उभ्या होत्या आणि मी मधोमध रिकामी. राग यायचा हो मला. अगं, कुणीतरी बसा, असं ओरडावंसं वाटे. मी कुरकुर केली, तर खांबाने माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठा सरकवला.

एका दुपारी सुपरवायझर आले. बिघडलेली इस्त्री दुरुस्त होईपर्यंत तासभर तिथेच उभे होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही कुणी वापरत नाही वाटतं?"

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी इस्त्रीकडे पाहिलं. साहेबांनी मला उचललं. माणूस वाईट नाही, त्यांना फायली ठेवायला जागा नव्हती एवढंच.

दुसऱ्या दिवशी साती जणी मला मागायला आल्या. साहेब म्हणाले, "जिला लागते तिचं नाव द्या. उभं राहवत नाही असा कागद वर पाठवावा लागेल."

तसल्या कागदाने काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कपडे धुणारी एक बाई गेल्या वर्षी अशाच कागदावर कायमची घरी गेली. मावशींचं नाव कुणी कसं घेणार? मायेपोटी सहा जणींच्या तोंडाला कुलूप लागलं, मावशी स्वतः मागेनात, आणि सगळ्या आल्या तशा परत गेल्या. साहेबांनी माझ्यावर फायली रचल्या.

त्यानंतर बारा दिवस मी भिंतीला कान लावून आहे. मावशींची एक चप्पल आता उचलली जात नाही, फरफटत येते. आज दुपारी ती चप्पल या दारात येऊन थांबली. घोट्यावरचं फडकं ओलं झालं होतं.

"साहेब, खुर्ची मला लागते."

साहेब गडबडले. "मावशी, नाव वर जाईल. विचार करा."

"केला. बावीस वर्षं दुसऱ्यांना बस बस म्हणत आले. स्वतः मागायची लाज वाटायची. तुम्ही लिहा."

त्यांनी पेन उघडून कागदावर 'उभं राहवत नाही' लिहिलं, खाली मावशींचं नाव घातलं, एवढ्यात मागून खांब आत आली. "त्याखाली माझं लिहा."

"तुमच्या पायाला काय झालंय?"

"काही नाही. धडधाकट आहेत. पण आठ तास उभं राहिलं की मलाही बसावंसं वाटतं. तुम्हाला नाही वाटत?"

साहेब आपल्या खुर्चीत जरा सावरून बसले. मग 'उभं राहवत नाही' ही ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'इस्त्रीखोलीत सात खुर्च्या हव्यात.' खाली दोन नावं आली. बाकीच्या पाच जणी आपापल्या नावाचा विचार करतायत, असं खांब म्हणाली. कागद गेलाय. वरून खुर्च्या येतील की मावशींना घरी बसायचा हुकूम येईल, देव जाणे. मला काही धीर धरवत नाही.

साहेबांनी फायली माझ्यावरून काढून जमिनीवर ठेवल्या आणि म्हणाले, "उत्तर येईपर्यंत बसा तरी." मावशी बसल्या आहेत. पण कशा, तर अगदी कडेवर, कुणी आलं की उठायच्या तयारीत.

टेका, मावशी. नीट मागे टेकून बसा.