शिंपल्यांची काठी

“सात वर्षांची घोडी झाली, आणि शाळा नाही! लोकांना मी तोंड काय दाखवू?”

मजीदने चहाचा कप बशीत आदळला. कुवेतहून सुट्टीवर येऊन त्याला बावीस दिवस झाले होते, परत जायला आठ उरले होते, आणि हा एकच विषय घरात रोज नाश्त्याबरोबर वाढला जात होता. टेबलावर मुंब्र्याच्या एका शाळेचा फॉर्म पडला होता. जूनपासून तस्नीमने फुफीकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे, राहायचं आणि तिथे शिकायचं, असं मजीदने ठरवून टाकलं होतं. सही तेवढी बाकी होती. फॉर्म आजच्या टपालाने जायचा होता.

“शाळेत घातली नव्हती का?” त्याची बायको इशरत हळू बोलली, पण शब्द न गिळता. “वाचताना अडखळली म्हणून बाईंनी बाकावर उभी केली. सगळा वर्ग हसला. पुढचे चार महिने पोरगी कोणाशी बोलली नाही, माझ्याशीसुद्धा. तुम्ही फोनवर विचारायचात, आणि मी सांगायची, झोपली आहे.”

हे मजीदला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं असं कबूल करणं हे त्याच्या स्वभावात नव्हतं. तो शोकेसकडे वळला. कुवेतहून आणलेले काचेचे घोडे मागे सरकले होते आणि पुढे सुरूची बोंडं, करवंटीच्या होड्या, गवताचे विणलेले पक्षी अशी सगळी फौज मांडली होती.

“आणि हा कचरा म्हणजे अभ्यास?”

“वर्षभर मीच घरी शिकवते. सकाळी तासभर वाचन आणि हिशोब, मग खाडीवर. तिथे ती बोलते.” इशरतने फॉर्म त्याच्यासमोर नीट ठेवला. “आज सकाळी तुम्हीच तिला आणि धाकट्याला न्या. आपल्या डोळ्यांनी बघा. परत आल्यावरही सही करावीशी वाटली तर मी अडवणार नाही.”

इशरत पूर्वी गावच्या बालवाडीत शिकवत असे. आपण पणाला काय लावतो आहोत, हे तिला चांगलं कळत होतं.

मजीदने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. ठळक अक्षरात चतुर्थी होती. मजीदचे वडील नाखवा होते, स्वतःची होडी समुद्रावर नेणारे. त्यांचा भरतीचा हिशोब त्याला लहानपणापासून पाठ होता. चौथा दिवस, म्हणजे साडेनऊपर्यंत पाणी उतरणार आणि अकराला घरी. “मला खाडी शिकवू नकोस,” असं म्हणून तो निघाला. अठराव्या वर्षी देश सोडून एसी दुरुस्त करायला गेलेल्या माणसाने खाडीबद्दल इतक्या ताठ्याने बोलावं, याचं इशरतला हसू आलं नाही. नाखव्याचा मुलगा आहे, त्याला कळत असेल, असंच तिला वाटलं.

साखरतरची खाडी सकाळी आठला आरशासारखी पडली होती. काठ आणि मधली वाळूची पुळण यांच्यामध्ये एक चर होता, त्यात घोट्याएवढं पाणी. चार वर्षांचा अद्नान बापाच्या हाताला लोंबकळत पलीकडे गेला. तस्नीम मागून आली. तिच्या हातात वाहून आलेल्या लाकडाची एक काठी होती, तिला काथ्याने सहा शिंपल्या एकाखाली एक बांधलेल्या आणि टोकाला शंख. पाण्याच्या कडेला तिने ती काळजीपूर्वक रोवली.

“हे काय?”

“का... काठी. पाण्याची.” तिला पुढे काहीतरी सांगायचं होतं, पण मजीद तोवर घड्याळ बघत होता.

तासभर त्याने बघितलं. पोरगी वाकून शिंपल्या उलटसुलट करत होती, खेकड्याच्या बिळापाशी श्वास रोखून बसत होती. ती भावाला काहीतरी सांगतही होती, आणि तेही न अडखळता. पण तो जवळ गेला की गप्प! मजीदला राग आला. एवढा वेळ काढून आलो तर परीक्षा तरी घ्यावी, म्हणून त्याने लिहायला काहीतरी शोधलं आणि तीच काठी उपटून घेतली.

वाळूत मोठ्या अक्षरांत त्याने ‘तलवार’ लिहिलं. “वाच.”

तस्नीम काठीकडे बघत राहिली. “अब्बा, ती... ती का...”

“काठी राहू दे! शब्द वाच.”

तिने वाचला नाही.

“बरं, सातचा पाढा म्हण.”

तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होती. मजीदला संताप आला, आणि खरं सांगायचं तर थोडा विजयही वाटला. बघ इशरत, हा तुझा वर्षभराचा अभ्यास! सही नक्की. त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. त्याच्या हिशोबाने पाणी अजून उतरायचं होतं.

त्याने खाली पाहिलं तर ‘तलवार’ मधला ‘त’ पुसला गेला होता.

“एखादी लाट आली असेल,” असं म्हणून तो दोन पावलं वर सरकला आणि पुन्हा लिहायला लागला.

“अब्बा!” तस्नीम ओरडली. एकही अक्षर अडखळलं नाही. “पाणी मागून येतं! चर आधी भरतो!”

मजीद वळला. घोट्याएवढा चर आता रुंद, गढूळ आणि धावता झाला होता. त्याने अद्नानला खांद्यावर घेतलं, तस्नीमचा हात धरला आणि सरळ पाण्यात शिरला. दुसऱ्या पावलाला कमरेपर्यंत पाणी, तिसऱ्याला पाय चिखलात गुडघाभर रुतला. अद्नान किंचाळून त्याच्या गळ्याला आवळून बसला. पोहता त्याला येत होतं, पण दोन पोरं घेऊन या ओढीत? तो कसाबसा मागे पुळणीवर आला. पुळणही आता आधीच्या निम्मी उरली होती.

“तिथून नको,” तस्नीम म्हणाली. तिचं बोट स्थिर होतं. “तिकडे बघा, पाणी फुटतंय ना? तिथे खाली कालवांचा खडक आहे. पाय रुतत नाही. मी रोज जाते.”

मजीदला तिथे नुसतं पाणी दिसत होतं. विश्वास ठेवण्यावाचून त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. अद्नान खांद्यावर होताच, त्याने लेकीला पाठीवर घेतलं. तिने वाळूत पडलेली काठी मागितली आणि त्याने ती मुकाट्याने दिली.

“उजवीकडे. थांबा.” पाठीवरून ती काठीने तळ चाचपत होती. “इथे खोल आहे. आता पुढे. अजून पुढे.”

पाणी छातीला लागलं. कालवांच्या धारेने तळपाय चिरत होते. ओढ त्याला बाजूला नेऊ बघत होती. “या अल्लाह!” एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं, आणि कानाशी त्या मुलीचा आवाज, सावकाश, न थांबता. मुलगी अडखळली असती तर? पण ती अडखळली नाही! पाणी कमरेला आलं, मग गुडघ्याला, आणि मजीद काठावर गुडघ्यांवर कोसळला.

काठावर जाळं सांधणारे दाजी होडी अर्धी ढकलून धापा टाकत धावत आले. सत्तरीचे दाजी मजीदच्या वडिलांबरोबर समुद्रावर जात असत.

“या वक्ताला पुळणीवर? कोणी सांगितलान तुला?”

“चौथा चांद ना आज? बाबांच्या हिशोबाने साडेनऊला...”

“चवथ आमची हाय! तुज्या बापसाचा चांद आज दुसरा.” दाजींनी कपाळाला हात लावला. “तो चांद दिसल्यापासून दिवस मोजायचा, मी अवसेपासून, तिथीनं. दोन्ही खरे. तू एकाची मोजणी आन दुसऱ्याचा दिवस घेतलास. पाणी सकाळी आठलाच फिरलेला!”

मजीदची मान खाली गेली. दाजींनी तस्नीमच्या हातातली काठी घेतली.

“ही हिनं केलेली. पाण्याच्या कडंला रोवायची, पयल्या, सगळ्यात खालच्या शिंपलीला पाणी लागला की घरी जायाचा. दोन म्हयने रोज बसून बगितलान तिनं. कॅलेंडर नको, चांद नको.”

“मी उपटली,” मजीद म्हणाला. “सातचा पाढा विचारत होतो. तिला येत नाही, दाजी.”

“कसा विचारलास? त्या आवाजात विचारलास तर मलाबी येयाचा नाय!” दाजी हसले नाहीत. “शाळा वायट नाय, मजीदा. माजी नात जाते ना. पर जे पोर भ्यालाय ते शिकत नाय, शाळेत नाय न घरात नाय. ती सांगत होती, आन तू ऐकत नव्हतास.”

तस्नीम ओल्या वाळूत शिंपल्या मांडत बसली होती, सात-सात शिंपल्यांच्या सात रांगा. कोणी विचारलं नव्हतं. सातवी रांग मांडून झाल्यावर ती स्वतःशीच म्हणाली, “एकोणपन्नास.” मजीदने तिला पोटाशी धरलं आणि तो भर काठावर रडला.

घरी इशरतने त्याचे चिरलेले पाय पाहिले आणि तिला काही विचारावं लागलं नाही. तो म्हणाला, “पेन दे.” तिचा चेहरा उतरला. मजीदने फॉर्म उलटा केला आणि तस्नीमसमोर ठेवला.

“या पाठीमागे काठी काढ. पाणी कुठे लागलं की निघायचं ते मला लिहून दे. हा कागद मी कुवेतला नेणार.” मग तो बायकोकडे वळला. “शाळेत जाईल, पण ती स्वतः हो म्हणेल तेव्हा, आणि इथेच, तुझ्याजवळ. आठ दिवस आहेत, बाईंना मी स्वतः भेटतो. ओरडणार नाही. आज मी काय केलं, तेच सांगतो.”

वाचकहो, आपल्या घरीही एखादी अशी काठी रोवलेली असेल, आणि आपण ती मुलांना शिकवायच्या घाईत उपटत असू. मुलाला प्रश्न विचारण्याआधी ते काय सांगतं आहे, ते ऐकून घ्यावं. शिक्षणाची सुरुवात तिथून होते, मग ते शाळेत असो वा खाडीवर.

दुसऱ्या दिवशी उशिराने, पाणी उतरल्यावर, मजीद पुन्हा पुळणीवर गेला. तस्नीमने काठी रोवली आणि तो शेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळाने पाणी फिरलं आणि पहिल्या शिंपलीला लागलं. तस्नीमने तोंड उघडायच्या आत मजीद उठून उभा राहिला आणि त्याने अद्नानचा हात धरला.